एचआयव्हीची चाचणी: दिवस कसे मोजायचे आणि रिपोर्टवर विश्वास कधी ठेवायचा

कंडोम फाटला, किंवा वापरलाच नव्हता. दवाखान्यात काम करताना वापरलेली सुई बोटात घुसली. मग रात्र जागून निघते, सकाळी पहिल्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं, चार दिवसांनी दुसऱ्या, दहाव्या दिवशी तिसऱ्या. तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह येतात आणि तरी मन म्हणतं, ‘मशीन चुकलं असेल तर?’ मशीन सहसा चुकलेलं नसतं, चुकलेली असते ती तारीख. एचआयव्हीच्या चाचण्या आज अतिशय भरवशाच्या आहेत, पण त्यांना ठरावीक दिवस द्यावे लागतात. ते दिवस कसे मोजायचे, नाशिकमध्ये कुठे जायचं आणि कागदावरचे आकडे कसे वाचायचे, ते पायरीपायरीने बघू.

आधी घड्याळ बघा: ७२ तास

घटना होऊन ७२ तास उलटले नसतील तर बाकीचा लेख नंतर वाचा. विषाणू शरीरात घर करण्याआधी त्याला रोखणारं औषध असतं, त्याला पेप म्हणतात. ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं, शक्य असेल तर पहिल्या काही तासांतच. ७२ तासांनंतर ते सुरू करण्यात अर्थ उरत नाही. सोमवारी रात्री ११ वाजता प्रसंग घडला असेल तर गुरुवारी रात्री ११ ही शेवटची हद्द आहे. ‘गुरुवारी बघू’ असा त्याचा अर्थ घेऊ नका, सोमवारी रात्रीच निघा.

नाशिक शहरात त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, ही पहिली जागा. रात्र असो की रविवार, अपघात विभाग चालू असतो. केसपेपर काढताना सगळ्यांसमोर कारण सांगायची गरज नाही, ‘डॉक्टरांशी बोलायचंय’ एवढं पुरे. आत डॉक्टरांना मात्र सरळ सांगा: ‘एचआयव्हीची जोखीम झाली आहे, इतके तास झाले, पेपसाठी आलोय.’ सरकारी व्यवस्थेत हे औषध प्रामुख्याने सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तींसाठी ठेवलेलं असतं. इतर प्रसंगांत डॉक्टर जोखीम बघून ठरवतात. तिथे जमलं नाही तर त्याच दिवशी फिजिशियन किंवा त्वचारोग-गुप्तरोग तज्ज्ञ गाठा. त्यांच्या चिठ्ठीवर हे औषध मोठ्या मेडिकलमधून घेता येतं. इगतपुरी, सुरगाणा, येवला अशा ठिकाणी असाल तर शहर गाठण्यात वेळ घालवण्याआधी जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय बघा.

नेहमीचं औषध टीएलडी नावाच्या एका गोळीत येतं: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, २८ दिवस. इथे तीन चुका होतात. पहिली म्हणजे मळमळ झाली की पाचव्या-सहाव्या दिवशी गोळी बंद करणं. मळमळ बहुतेकांची आठवड्याभरात ओसरते, गोळी जेवणानंतर घ्या. दुसरी चूक, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी हिच्याबरोबरच घेणं. त्यातले क्षार डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात धरून ठेवतात आणि औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून टीएलडी अशा औषधांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. तिसरी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असून डॉक्टरांना न सांगणं. गोळ्या सुरू करताना एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासतात. पण हे रिपोर्ट येईपर्यंत पहिली गोळी अडवून ठेवू नये.

सुई टोचली असेल तर जखम साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, त्यावर डेटॉल किंवा स्पिरिट ओतू नका. डोळ्यात रक्त उडालं असेल तर भरपूर साधं पाणी. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती टाळणारी गोळीही याच ७२ तासांतली आहे, ती विसरू नका.

एक कागद करा

वहीचं एक पान घ्या. त्यावर घटनेची तारीख आणि वेळ लिहा, नेमकं काय झालं ते एका ओळीत लिहा, पेप घेतलं असेल तर ते कधी सुरू झालं आणि कधी संपलं तेही. घटनेचा दिवस शून्य धरायचा, दुसरा दिवस पहिला.

उदाहरण घ्या. घटना ३ ऑगस्टची आहे आणि पेप घेतलेलं नाही. मग ४५वा दिवस १७ सप्टेंबर, ९०वा दिवस १ नोव्हेंबर. या दोन तारखांना गोल करा. पुढचं सगळं याच दोन तारखांभोवती फिरतं. घाबरलेला माणूस महिन्यानंतर ‘तीन ऑगस्ट की सात?’ यातच अडकतो आणि मग चांगल्या रिपोर्टवरही शंका घेतो, म्हणून पहिल्याच दिवशी लिहायचं.

धोका होता तरी किती

मनातली भीती आणि प्रत्यक्षातला धोका यांत फार अंतर असतं. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने मांडलेले अंदाज असे: समोरच्याला एचआयव्ही आहे आणि तो उपचार घेत नाही असं धरलं, तर कंडोमशिवायच्या एका योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता १० हजारांत साधारण ४, स्त्रीला ८. गुदसंबंधात आत घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११. नशेची सुई वाटून घेतल्यास ६३, दवाखान्यात सुई टोचल्यास २३. मुखमैथुनात शक्यता अत्यंत कमी. हे आकडे समोरच्याला लागण आहेच असं धरून आहेत. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोघं. शिवाय जी व्यक्ती नियमित उपचार घेते आणि जिच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आहे, तिच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. अर्थात शक्यता कमी आहे म्हणून चाचणी टाळायची असं नाही.

आणि ज्यांचा धोका शून्य धरायचा त्यांची यादी मोठी आहे: डास, सार्वजनिक संडास, एकाच ताटातली मिसळ, मिठी, चुंबन, पोहण्याचा तलाव, रामकुंडावरची गर्दी, सीटवरचा वाळलेला डाग. केशकर्तनालयात नवं पातं मागाच. तिथे खरी काळजी हिपॅटायटिस बीची असते. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलं असेल तर हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासा.

कोणती चाचणी, कितव्या दिवशी

लागण झाल्यावर पहिले साधारण दहा दिवस कुठल्याच चाचणीत काही दिसत नाही. मग आधी विषाणूचे स्वतःचे अंश रक्तात येतात, त्यानंतर पी२४ नावाचं त्याचं प्रथिन, आणि सगळ्यात शेवटी आपल्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. यातलं काय शोधते त्यावर चाचणीचा ‘विंडो पिरियड’, म्हणजे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, ठरतो.

फोर्थ जनरेशन किंवा ‘कॉम्बो’ चाचणी अँटिबॉडी आणि पी२४ दोन्ही शोधते. शिरेतलं रक्त घेऊन लॅबच्या मशीनवर केली तर ती १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. म्हणून ४५व्या दिवसानंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट हा निकाल समजायचा.

फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली कार्डाची चाचणी पी२४ शोधणारी असली तरी तिलाही ९० दिवस द्यायचे. सरकारी केंद्रात अशीच झटपट किट वापरतात, म्हणून तिथला शेवटचा दिवस ९०वा धरा.

तिसरी पीसीआर किंवा व्हायरल लोड. हिच्यात १० ते ३३ दिवसांत विषाणू दिसू शकतो. महाग असते आणि घाबरलेले लोक नेमकी हिच्यावरच पैसे घालवतात. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या निगेटिव्ह पीसीआरने निकाल लागत नाही, पुढची चाचणी करावीच लागते. शिवाय अगदी कमी आकडा चुकून दाखवून ती माणसाला महिनाभर जाळू शकते. डॉक्टरांनी कारण देऊन सांगितल्याशिवाय करू नका. वेस्टर्न ब्लॉट या पट्ट्या वाचायच्या चाचणीच्याही मागे लागू नका. त्यातल्या अर्धवट पट्ट्या ‘अनिश्चित’ म्हणून येतात आणि नवीच झोप उडते.

खाजगी लॅबमध्ये फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘तुमची एचआयव्ही चाचणी फोर्थ जनरेशन आहे का, पी२४ अँटिजन त्यात येतं का, आणि मशीनवर करता की कार्डवर?’ उत्तर देताना अडखळले तर दुसरी लॅब बघा. रिपोर्टवर ‘एचआयव्ही १ व २ अँटिबॉडी आणि पी२४ अँटिजन’ असं आणि पद्धत म्हणून सीएलआयए, ईसीएलआयए किंवा एलिसा लिहिलेलं असायला हवं.

पेप घेतलं असेल तर घटनेचा दिवस सोडा आणि शेवटच्या गोळीपासून ४५ किंवा ९० दिवस मोजा. औषधाने विषाणू दबलेला असू शकतो आणि अँटिबॉडी उशिरा येऊ शकतात. काही डॉक्टर सहा महिन्यांनी आणखी एकदा बोलावतात. पेप घेतलेल्यांनी ते पाळावं.

मग ४५ दिवस नुसतं बसून राहायचं का? नाही. एक चाचणी लगेच करा, ती ‘आधीपासून काही नव्हतं ना’ हे सांगते. वाटलं तर २८व्या दिवशी एक कॉम्बो करा. त्या दिवशी निगेटिव्ह आली तर ती फार दिलासा देणारी असते, निकाल मात्र नव्हे. म्हणजे एकूण तीन वेळा रक्त द्यायचं, त्यापेक्षा जास्त नाही.

केंद्रावर काय होतं

मोफत चाचणीच्या केंद्राला आयसीटीसी म्हणतात, पूर्ण नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. सिव्हिलमध्ये ते आहे. नाशिकरोडचं बिटको, कथड्यावरचं डॉ. झाकीर हुसेन यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं असेल तर आधी १०९७ वर फोन करून केंद्र आणि वेळ विचारा. ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. सिडकोत राहणाऱ्याने ओळखीचं कोणी भेटेल म्हणून नाशिकरोडला जावं, सातपूरच्या माणसाने निफाडला जावं, कोणी अडवत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर असाल तर सकाळी लवकर जा. केंद्र ओपीडीच्या वेळेत चालतं.

उपाशी जायची गरज नाही. आत समुपदेशक मॅडम किंवा सर बसलेले असतात. ते घटना विचारतात, दिवस मोजतात, तुमची संमती घेतात. इथे लाजून अर्धवट सांगू नका, कारण सल्ला तारखेवर आणि संबंधाच्या प्रकारावर ठरतो. मग दंडातून थोडं रक्त घेतात. नळीवर तुमचं नाव किंवा नंबर तुमच्यासमोर लिहिला जातोय ना, एवढं बघा आणि वाचून खात्री करा. चाचणीत होणाऱ्या चुकांपैकी नळी किंवा नाव बदलणं ही सगळ्यात मानवी चूक आहे आणि तीच तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी टाळता येते. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो आणि तो समुपदेशक समोर बसवून सांगतात.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमचा निकाल घरच्यांना किंवा कंपनीला परस्पर सांगता येत नाही.

एक कळकळीची विनंती: ‘फुकट तपासून होईल’ म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. विंडो पिरियडमधलं रक्त पेढीच्या चाचणीतूनही निसटू शकतं आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला चढतं. शेवटचा निकाल येईपर्यंत रक्तदान बंद आणि जोडीदाराबरोबर प्रत्येक वेळी कंडोम.

कार्ड आणि आकडे वाचताना

झटपट चाचणीच्या कार्डावर दोन किंवा जास्त जागा असतात. ‘सी’जवळची रेघ म्हणजे कार्ड चालतंय याची खूण. ती आली नाही तर चाचणी बाद, निगेटिव्ह नव्हे. ‘टी’जवळ रेघ, मग ती कितीही फिकट असो, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह, चाचणीने काहीतरी पकडलं असा अर्थ. मात्र ती किटवर छापलेल्या वेळेतच वाचायची. अनेकजण कार्ड घरी नेऊन तासाभराने बॅटरीच्या उजेडात धरतात आणि राखाडी सावली दिसली की हातपाय गळतात. कार्ड वाळताना अशी सावली येते, तिला काही अर्थ नसतो. किटची मुदत तारीख आणि ते कडक उन्हात पडून होतं का, हेही बघावं.

लॅबच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा एक आकडा असतो, समजा ०.१२. हा तुमच्या नमुन्याचा संकेत भागिले मशीनची सीमारेषा असा असतो. १.०च्या खाली नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, वर रिअ‍ॅक्टिव्ह. पुढच्या महिन्यात ०.२९ आलं की ‘वाढलं’ म्हणून लोक घाबरतात. ते वाढलेलं नसतं. ०.०८, ०.१२, ०.२९ हे सगळे एकाच मापाचे निगेटिव्ह आहेत. रसायनाची बॅच बदलली, मशीन बदललं, तरी दशांशानंतरचे आकडे हलतात. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करूच नका, कारण त्यांची मोजपट्टी वेगळी असते.

आता अचूकतेचा हिशेब करू. समजा चाचणी लागण झालेल्या २००पैकी एकाला चुकवते आणि लागण नसलेल्या २००पैकी एकाला उगाच पकडते. एक लाख लोक तपासले. त्यांत साधारण २०० जणांना लागण आहे. त्यातले १९९ सापडतील, एक सुटेल. उरलेल्या ९९,८०० निरोगी लोकांपैकी जवळपास ५०० जण चुकून रिअ‍ॅक्टिव्ह निघतील. म्हणजे विंडो पिरियड संपल्यावरचा निगेटिव्ह रिपोर्ट एक लाखात जेमतेम एकदा चुकेल. उलट एकाच चाचणीवरचे ७०० रिअ‍ॅक्टिव्ह घेतले तर त्यातले ५०० निरोगी असतील! म्हणूनच आयसीटीसीत पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर त्याच नमुन्यावर दोन वेगळी किट लावतात. तिन्ही जुळली तरच पॉझिटिव्ह म्हणतात. जुळली नाहीत तर ‘अनिश्चित’ म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. खाजगी लॅबचा एकटा रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्ट हातात पडला तर तो घेऊन थेट आयसीटीसीत जा, तोवर कोणाला काही सांगायची घाई नको.

निकाल कशाने बिघडतो, कशाने नाही

सर्दी, ताप, पॅरासिटॅमॉल, अँटिबायोटिक, दारू, चहा, मासिक पाळी, थायरॉईडची गोळी, यातलं काहीही निगेटिव्ह रिपोर्ट खोटा पाडत नाही. अँटिबॉडी उशिरा येण्याची खरी कारणं मोजकी आहेत: पेप किंवा प्रेपची (जोखमीच्या आधीपासून घ्यायची प्रतिबंधक) औषधं, कर्करोगाची केमो, अवयव बदलल्यानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, त्याच वेळी झालेली हिपॅटायटिस सीची लागण. एक कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की केस-नखांसाठी मोठ्या मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनच्या चाचण्या गडबडू शकतात. रक्त देण्याआधी लॅबला सांगा आणि गोळी किती दिवस थांबवायची ते विचारा.

लक्षणांचं काय

नव्या लागणीत दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी येऊ शकतात. पण काहींना काहीच होत नाही आणि नाशिकच्या पावसाळ्यात हीच लक्षणं डेंग्यू-चिकुनगुन्याची असतात. ताप आला तर डेंग्यू तपासा, डॉक्टरांना घटनाही सांगा. हातापायाला मुंग्या, जुलाब, तोंड कोरडं पडणं, रात्री घाम, जीभ पांढरी दिसणं, जेवण न गेल्याने चार किलो उतरणं, हे सगळं नुसत्या काळजीनेही होतं. रोज आरशात जीभ आणि काखेतल्या गाठी चाचपू नका. दाबून दाबून त्या जागा खरोखरच दुखायला लागतात.

त्याच प्रसंगातून सिफिलिस, गोनोरिया, हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असते आणि त्याकडे मात्र कोणी बघत नाही. लघवीला जळजळ, पू, जखम असेल तर सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांचा दवाखाना, गाठा. सिफिलिससाठी व्हीडीआरएल ९०व्या दिवशी एचआयव्हीबरोबरच करून घ्या. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर लगेच सुरू करा.

निकाल पॉझिटिव्ह आला तर

तिन्ही किट जुळून पॉझिटिव्ह आलं तर समुपदेशक तुम्हाला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार देणाऱ्या केंद्रात, पाठवतात. सिव्हिलमध्ये ते आहे, औषध मोफत आहे, रोजची बहुधा एकच गोळी, आणि ती लवकरात लवकर सुरू करतात. वेळेवर गोळ्या घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निरोगी मुलं होतात.

थांबायचं कधी

लॅबची कॉम्बो ४५व्या दिवसानंतर निगेटिव्ह किंवा कुठलीही चाचणी ९०व्या दिवसानंतर निगेटिव्ह: मधे नवी घटना नसेल आणि वर सांगितलेली मोजकी कारणं लागू नसतील, तर तपासणी संपली. सहा महिने, वर्ष, ‘दुर्मीळ प्रकार’ असं काही उरत नाही.

तरीही हात पुन्हा लॅबच्या नंबरकडे जाईल. प्रत्येक चाचणीनंतर दोन दिवस बरं वाटतं, मग नवी शंका येते, आणि त्या दोन दिवसांच्या सुखासाठी माणूस पाचवी, सातवी, दहावी चाचणी करतो. तेव्हा एवढं करा: रिपोर्ट पाकिटात घालून विश्वासाच्या एका माणसाकडे ठेवा, शोधाशोध करणारी पानं मोबाइलवरून काढा, आणि चाचणीची ओढ लागली की ती २४ तास पुढे ढकला. निकालानंतर महिनाभरातही जेवण-झोप-काम रुळावर येत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोला किंवा सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. जाताना पहिल्या दिवशी तारखा लिहिलेला तो कागद आणि शेवटचा रिपोर्ट बरोबर ठेवा. डॉक्टरांना ‘मला एचआयव्ही आहे का’ असं विचारू नका, ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि माझा त्यावर विश्वास बसत नाही’ असं सांगा.